'उत्कृष्ट वाचक' पुरस्कार मी का घेत नाही : आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांना,
सप्रेम नमस्कार.

येत्या 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, यंदाचा 'उत्कृष्ट वाचक' पुरस्कार मला द्यायचं ठरल्याचं आपलं पत्र वाचनालयाचे मामा दुकानात आणून देऊन गेले. टाइप केलेल्या मजकुराखाली कार्यवाहांनी पेनाने 'अभिनंदन, ताई!' असंही लिहिलं आहे. त्यातला जिव्हाळा मला कळतो. तरी हा पुरस्कार मी घेणार नाही. वाचनालयात येऊन हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं, पण मग 'ताईंना वेळ नाही' नाहीतर 'ताई कशावरून तरी रुसल्यात' अशी बोलवा उठली असती आणि खरं कारण बाजूलाच पडलं असतं. शिवाय ते कारण माझ्या एकटीपुरतं नाही. म्हणून हे उघड पत्र. याची एक प्रत सूचनाफलकावर लावावी, ही विनंती.

माझं नाव कसं निघालं त्याची मी चौकशी केली. देवघेवीच्या नोंदी संगणकावर आल्यापासून कोणाच्या नावावर वर्षभरात किती पुस्तकं गेली ते एका बटणावर कळतं. बटण दाबलं, माझं नाव सगळ्यात वर आलं. आता त्या आकड्यात काय काय आहे ते बघा. निम्म्याहून जास्त पुस्तकं आमच्या सासूबाईंची. त्या रहस्यकथा वाचतात. खुनी कोण ते आधी शेवटचं पान उघडून बघतात आणि मग निवांतपणे पहिल्यापासून सुरू करतात. दोन संध्याकाळीत पुस्तक संपतं, तिसऱ्या दिवशी ते बदलून आणायचं काम माझं. दिवाळी अंक तर आमच्या घरातून शेजारी, शेजारून नणंदेकडे असे फिरून येतात, आणि येताना शब्दकोडी भरून येतात. (त्यावरून ग्रंथपालांची बोलणी मीच खाल्ली आहेत.) उरलेली माझी, पण त्यातलीही बरीच मी तीस-चाळीस पानांवर मिटून परत केली. याची मला अजिबात खंत नाही. न रुचलेलं पुस्तक बिनदिक्कत परत करता यावं म्हणूनच तर आपण वाचनालयाचे सभासद होतो. पण परत केलेल्या पुस्तकांबद्दल शाल-श्रीफळ घ्यायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

या वर्षी मी जीव लावून वाचलं असं पुस्तक एकच. एका बाईंचं जुनं आत्मचरित्र. पानं पिवळी पडलेली, शिलाई सैल झालेली. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर तारखांचे शिक्के आहेत. 1974 ते 1979 दाटीवाटीने, मग 1991 चा एकच, आणि त्यानंतर थेट माझा. ग्रंथपालांनी ते कपाटाच्या खालच्या खणातून काढलं, फडक्याने पुसलं आणि 'तुम्हाला चालेल बघा' म्हणून माझ्यापुढे ठेवलं. मधल्या एका पानावर कोणीतरी समासात पेन्सिलने बारीकसं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. मला तिथे काहीच प्रश्न पडला नव्हता. म्हणून दोन पानं मागे जाऊन पुन्हा वाचलं. तेव्हा लक्षात आलं की संसाराबद्दल लिहिताना सगळीकडे 'आम्ही ठरवलं', 'आम्ही गेलो' असं लिहिणारी ही बाई त्या परिच्छेदात गुपचूप 'मी'वर आली आहे, आणि पुढच्याच पानावर पुन्हा 'आम्ही'त परतली आहे. मधे काय घडलं ते तिने लिहिलेलं नाही. पण कुणा सभासदाला ते तेव्हा जाणवलं होतं, आणि त्या पेन्सिलीमुळे ते इतक्या वर्षांनी मला जाणवलं. (वाचनालयाच्या पुस्तकात खुणा करू नयेत हा नियम मला ठाऊक आहे. हा गुन्हा मात्र माफ करावा.) अख्खा पावसाळा ते पुस्तक माझ्याकडे होतं. मुदत वाढवून घेत घेत वाचलं. नोंदवहीत ते एक पुस्तक. सासूबाईंचा दोन संध्याकाळींतला खून, तोही एक पुस्तक.

ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडणारे रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 साली ते पाच नियम पुस्तकरूपाने आले. माणूस गणिताचा, पण त्या नियमांत आकडा एकही नाही. पुस्तकं वापरण्यासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. बस्स. 1991 नंतर त्या आत्मचरित्राला वाचक मिळाला तो आपल्या ग्रंथपालांमुळे, म्हणजे तिसरा नियम आपल्या गावात त्या दिवशी पाळला गेला. वार्षिक अहवालात याला रकाना नाही. चौथ्या नियमाचा अर्थ मी माझ्यापुरता असा लावते की पुस्तक शोधण्यातला माझा वेळ ग्रंथपालांनी वाचवावा, म्हणजे तो वेळ मला एकाच पानावर रेंगाळत घालवता येईल.

माझा धंदा आपल्याला माहीत आहे. औषधांच्या दुकानात दिवसभर वाचनच चालतं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचं. मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल ही दोन नावं घ्या. एक मधुमेहाचं, दुसरं जंतुसंसर्गावरचं. घाईच्या अक्षरात दोन्ही सारखीच दिसतात, सुरुवातीला 'मेट' आणि पुढे एक लाट. दुपारच्या गर्दीत अशी चिठ्ठी आली की मी ती काउंटरवर सपाट करते, मात्रा बघते, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस ते बघते, आणि समोरच्याला विचारते, 'साखरेचा त्रास आहे का?' मागची रांग चुळबुळते. एक-दोघं समोरच्या दुकानात जातात. जाऊ देत. दिवसाला किती चिठ्ठ्या उरकल्या यावर कोणी मला उद्या बक्षीस देऊ केलं, तर माझ्या गिऱ्हाइकांनी तातडीने दुकान बदलावं.

दुपारी दोन ते चार बाजारपेठ पेंगते, तेव्हा मी मोबाइल गल्ल्यात ठेवून पुस्तक काढते. यावरून केमिस्टांच्या ग्रुपवर माझी थट्टा होते, आणि त्या दोन तासांतल्या घरपोच औषधांच्या ऑर्डरी दुसरीकडे जातात, हे मला हिशेबात दिसतं. मुलगा म्हणतो, आई, हे परवडत नाही. त्याचं बरोबर आहे. पण सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत लोकांचं ऐकायचं, तर मधले दोन तास कोणाच्या हाती द्यायचे ते मी ठरवीन, एवढाच माझा हट्ट आहे. मोबाइलला शिव्या घालायला हे पत्र नाही. माझा निम्मा धंदा त्यावरच चालतो. फक्त त्याची घडण लक्षात ठेवावी. बोट वर सरकवत राहिलं की मजकूर संपतच नाही, ही रचना एझा रास्किन यांनी 2006 साली केली, आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पुस्तकाला शेवटचं पान असतं. आमच्या सासूबाई तर तिथूनच सुरू करतात.

माझ्या माहेरच्या गावी दरवर्षी हरिनाम सप्ताह असतो आणि त्यात ज्ञानेश्वरीचं पारायण. नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत, म्हणजे दिवसाला तेराशेच्या आसपास. मांडवात ओळीने माणसं बसतात, पुढे व्यासपीठचालक, प्रत्येकासमोर पोथी. माझी आत्या दरवर्षी पहिल्या रांगेत बसायची. तिला अक्षरओळख नव्हती. तरी पोथी तिच्यापुढे असायचीच, आणि शेजारणीने पान उलटलं की ही आपलं उलटायची. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हातारी वाचण्याचं सोंग करते असंच वाटलं असतं. पण एका दुपारी, जेवणं होऊन सगळ्यांचे डोळे जड झालेले असताना, व्यासपीठचालकांनी एक ओवी गाळली आणि अख्ख्या मांडवात फक्त आत्या म्हणाली, 'महाराज, मधली राहिली.' महाराजांनी मागे बघितलं. राहिली होती.

आपल्या संगणकात आत्याच्या नावापुढे शून्य आलं असतं.

आकड्याचा मोह वाचनालयानेच शोधून काढला असं मी म्हणत नाही. सप्ताहातही 'माझं हे एकविसावं पारायण' असं छाती काढून सांगणारे असतात. पण ज्या ग्रंथाचं पारायण चाललेलं असतं, त्याच्या नवव्या अध्यायाच्या तोंडालाच श्रोत्यांकडे एक मागणं आहे : 'तरी अवधान एकलें दीजे । मग सर्वसुखासि पात्र होइजे ।' किती अध्याय झाले, कितव्यांदा झाले, याची विचारपूस नाही. आणि नामदेवांनीही नऊ हजारांतल्या 'एक तरी ओवी'चीच अपेक्षा धरली.

आता आपल्या दुसऱ्या उपक्रमाबद्दल. 'एका मिनिटात पुस्तक' अशी रील स्पर्धा आपण जाहीर केली आहे. वाचलेल्या पुस्तकावर मिनिटभराचा व्हिडिओ करायचा, तो वाचनालयाच्या पानावर टाकायचा, जास्त लाइक मिळतील त्याला रोख बक्षीस. हेतू चांगला आहे, तरुण मुलं यावीत हा. माझ्या मुलीने उत्साहाने भाग घेतला. एरवी ती पलंगावर आडवी पडून, पाय भिंतीला लावून वाचते आणि हाक मारली तर ऐकू येत नाही. या वेळी ती टेबलाशी बसली होती, हातात हायलायटर. दर दोन पानांनी थांबून म्हणायची, 'हे वाक्य भारी दिसेल.' पुस्तकातला मुलगा घर सोडून निघाला होता, त्याच्या आईने त्याला दारात काय दिलं हे मी तिला विचारलं, तर तिला ते आठवेना. आठवली ती तीन वाक्यं, तिन्ही सुट्टी, तिन्ही छान. तिला मी दोष देत नाही. दुसऱ्याला दाखवायचं म्हणून वाचायला बसलं की डोळे दाखवण्याजोगं तेवढंच वेचत जातात, मोठ्यांचंही तसंच होतं. जानेवारीत 'यंदा पन्नास पुस्तकं' असा जाहीर संकल्प सोडणाऱ्या माझ्या काही मैत्रिणी डिसेंबरात पातळ पुस्तकं शोधत येतात, हे ग्रंथपालही सांगतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यामुळे मला हे पत्र लिहिणं भाग पडलं. वरच्या मजल्यावरचा मुक्तद्वार विभाग, म्हणजे सभासद नसलेल्यांनाही फुकट बसून वाचता येतं ती खोली, बंद करून तिथे वातानुकूलित अभ्यासिका काढायचं मंडळाच्या बैठकीत ठरलं आहे. वर्तमानपत्रांसाठी जिन्याखाली एक बाक टाकणार आहात.

आपली अडचण मला दिसत नाही असं नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात 1967 साली झाला (कोल्हापूर संस्थानाने तर 1945 सालीच केला होता), त्यामुळे सरकारी अनुदान मिळतं. पण ते हप्त्यांनी येतं, उशिरा येतं, आणि ग्रंथपालांच्या हातात महिन्याला जे पडतं ते इथे लिहायची मला लाज वाटते. तपासणीला अधिकारी आले की ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिकांची संख्या बघतात. मुक्तद्वारमध्ये कोण किती वेळ बसलं हे ते बघत नाहीत. तिथून उत्पन्न दमडीचं नाही, आणि अभ्यासिकेची फी दरमहा येईल. हिशेब सरळ आहे.

अभ्यासिकेला माझा विरोधही नाही. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती करणारी ही पोरं डोकेदुखीच्या गोळ्या माझ्याच दुकानातून नेतात. घरी दोन खोल्या, त्यात टीव्ही, पाहुणे, लहान भावंडं. त्यांना बसायला जागा हवी, आणि ती देणं वाचनालयाचंच काम आहे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहणारे विद्यार्थी भीमराव आंबेडकर वाचायला चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत. तिथे कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांना पाहिलं, चौकशी केली, पुढे वाचायला पुस्तकं दिली आणि ते मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. बाबासाहेबांनी पुढे दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांची सोय डोळ्यांपुढे ठेवूनच. या हकिगतीत दोन गोष्टी आहेत. फुकट बसता येईल अशी जागा, आणि तिथे येणाऱ्या मुलाकडे लक्ष जाणारं एक वडीलधारं माणूस. फी भरून, ठरलेल्या नंबरच्या खुर्चीत, दोन्ही बाजूंनी प्लायवूड लावलेल्या खणात बसणाऱ्या मुलाला परीक्षेसाठी जागा मिळते, आणि ती मिळावीच. पण ज्याला अजून काय वाचायचं हेच ठाऊक नाही, खिशात फी नाही, आणि सहज जिना चढून आला आहे, त्याने कुठे बसायचं?

मुक्तद्वारमध्ये आज कोण बसतं ते मंडळातल्या किती जणांनी पाहिलं आहे? निवृत्त एसटी चालक आहेत, जे अग्रलेख बोट ठेवून वाचतात आणि न पटलेल्या वाक्याला मोठ्याने 'छ्या' म्हणतात. धुणीभांडी आटपून चारच्या सुमाराला येणाऱ्या एक बाई आहेत, त्या पाककृती सोडून शेतीची पुरवणी वाचतात. शाळा सुटल्यावर बस येईपर्यंत दोन-तीन पोरी नकाशांचं मोठं पुस्तक जमिनीवर पसरून बसतात. यांच्यातलं कोणीच आपल्या संगणकात नाही, कारण यांच्या नावावर काही जात नाही. तिथेच वाचतात आणि तिथेच ठेवून जातात.

खाली सभागृह आहे. प्रशस्त, हवेशीर, स्वतंत्र दार असलेलं. वर्षातले बरेच दिवस ते सत्कार समारंभांना आणि 'साड्यांचे भव्य प्रदर्शन व विक्री'ला भाड्याने जातं. (मागच्या प्रदर्शनातून मीही दोन साड्या आणल्या, माल चांगला होता.) संस्थेच्या घटनेत उद्दिष्टांच्या पहिल्या कलमात 'वाचनाची अभिरुची' आहे, साड्यांची नाही. अभ्यासिका त्या सभागृहात काढा. तिथे वेगळं दार असल्याने पोरांना रात्री उशिरापर्यंतही बसता येईल. भाड्याचं जे उत्पन्न बुडेल त्यातलं काही अभ्यासिकेच्या फीतून येईल, उरलेल्यासाठी आमची मासिक वर्गणी वाढवा. गेली कित्येक वर्षं ती वाढवायला आपण घाबरता, आणि आम्ही सभासद एका चहा-भज्यांच्या पैशात महिनाभर वाचतो. आजीव सभासदांकडून वर्गणी घेता येत नसेल तर देणगी मागा. मी माझ्याकडून देईन, पावती करायला मामांना पाठवा. कमी पडलं तर खर्च कमी करू. नव्या खरेदीत तीन प्रती एका पुस्तकाच्या येतात, त्या दोन चालतील.

रील स्पर्धा रद्द करा असा माझा आग्रह नाही. जाहीर केली आहे, मुलांनी मेहनत घेतली आहे, बक्षीस देऊन टाका. पुढच्या वर्षी मात्र त्याऐवजी मुलांना एक संध्याकाळ द्या. प्रत्येकाने आपल्याला आवडलेल्या पुस्तकातलं एखादं पान मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं. लाइक नकोत, परीक्षक नकोत, निवेदन करायला कोणी पाहुणा तर मुळीच नको.

'उत्कृष्ट वाचक' पुरस्कार यंदा कोणालाच देऊ नये. मानचिन्ह, शाल आणि जाहिरातीचे वाचतील त्या पैशांतून मुक्तद्वारमधले दोन बंद पंखे आणि खिडकीजवळची ती एकच दिव्याची जागा दुरुस्त करून घ्यावी. संध्याकाळी सहानंतर तिथे अक्षर दिसत नाही, आणि एसटीवाले काका पेपर घेऊन जिन्यातल्या दिव्याखाली उभे राहतात. (सासूबाईंना शाल हवी होती. ती मी घेऊन देईन, त्याची चिंता नसावी.)

मुक्तद्वारचा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यावा. 'आयत्या वेळचे विषय' या सदरात, चहा आल्यावर, खुर्च्या सरकायला लागल्यावर नव्हे. विषयपत्रिकेवर क्रमांक घालून. लेखी ठराव या पत्रासोबत जोडला आहे. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदक एसटीवाले काका झाले असते, पण ते सभासद नाहीत, म्हणून कालच त्यांनी अर्ज भरून अनामत रक्कम जमा केली आहे. अर्ज मंजूर होऊन त्यांचा सभासद क्रमांक सभेच्या नोटिशीआधी मिळेल, अशी व्यवस्था कार्यवाहांनी कृपया करावी.

आपली,
एक आजीव सभासद
(बाजारपेठेतलं औषधांचं दुकान)